शेवटाची तारीख नसलेली चिठ्ठी

१ मार्च २०१४ पासून देशभरातल्या औषध दुकानांत एक वही वाढली. धुळ्याच्या आग्रा रोडवरचं मेडिकल असो की जळगावच्या नवी पेठेतलं, अनुसूची एच-१ मधलं औषध विकलं की डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती गोळ्या दिल्या हे त्या वहीत लिहायचं आणि वही तीन वर्षं सांभाळायची, असा नियम लागू झाला. यादीत ४६ औषधं होती. बहुतेक प्रतिजैविकं आणि क्षयाची. पण त्यांच्याच रांगेत अल्प्राझोलम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेमही बसली होती. चिंता शमवणाऱ्या, झोप आणणाऱ्या या गोळ्या. खानदेशातल्या घरांना त्या नव्या नव्हत्या. उशाशी, देव्हाऱ्याच्या खणात, बीपीच्या गोळ्यांच्या डब्यात त्या केव्हाच येऊन बसल्या होत्या.

यांतल्या बहुतेक गोळ्यांच्या घराण्याचा जन्म अमेरिकेतल्या न्यू जर्सीत झाला. हॉफमन-ला रोश कंपनीच्या नटली इथल्या प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यावर काही संयुगं बनवली आणि काम पुढे सरकत नाही म्हणून बाजूला ठेवली. १९५७ मध्ये टेबलांची आवराआवर करताना एका सहकाऱ्याला त्यातलंच न तपासलेलं एक सापडलं. फेकून देण्याआधी ते चाचणीला पाठवलं, आणि प्राणी शांत झालेले दिसले. १९६० मध्ये ते ‘लिब्रियम’ नावानं बाजारात आलं, १९६३ मध्ये त्याचं भावंड ‘व्हॅलियम’. त्याआधीची बार्बिट्युरेट गटातली झोपेची औषधं जरा जास्त झाली तरी जीव घेत. त्यांच्यापुढे ही गोळी इतकी सुरक्षित वाटली की डॉक्टरांनी हात सैल सोडला.

आपल्याकडे १९६९ मध्ये रॅनबॅक्सीनं डायझेपाम ‘काम्पोज’ या नावानं आणलं. औषध कंपनीचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही; पण ‘काम्पोज’ हे नाव साठी ओलांडलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. परीक्षा, बाळंतपणानंतरची तगमग, कोर्टाची तारीख, कापसाचा पडलेला भाव, कशावरही ‘अर्धी घे’ असा घरगुती सल्ला मिळू लागला. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं अल्प्राझोलम त्याच वाटेनं आलं. आकारानं चिमुकली, पाव किंवा अर्ध्या मिलिग्रॅमची, पटकन गुण देणारी गोळी.

पटकन गुण देणं हीच तिची मेख आहे. मेंदूत ‘गाबा’ नावाचं रसायन पेशींची धावपळ आवरतं. या गोळ्या त्या गाबाचा जोर वाढवतात. तासाभरात छातीतली धडधड थांबते. पण काही आठवड्यांत मेंदू या मदतीला सरावतो आणि स्वतःचा लगाम ढिला करतो. मग गोळी चुकली की आधीपेक्षा जास्त घाबरं होतं, हात थरथरतात, झोप उडते. रुग्णाला वाटतं, आजार उलटला. बऱ्याचदा तो आजार नसतो, गोळी ओसरत असते. ‘माले झोप येस नही’ ही तक्रार पुन्हा दवाखान्यात येते आणि तीच गोळी पुन्हा लिहिली जाते.

हे कळायला जगाला वीसेक वर्षं लागली. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला डॉ. हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात खास या गोळ्या सोडवण्यासाठी दवाखाना चालवला. रुग्णांचं ऐकत, दीर्घकाळ टिकणाऱ्या डायझेपामवर आणून इंच-इंच मात्रा उतरवायची पद्धत त्यांनी बसवली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीनं स्पष्ट सांगितलं: दोन ते चार आठवडे, त्यापुढे नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं सवय आणि अवलंबित्वाचा ठळक चौकटीतला इशारा द्यायला सप्टेंबर २०२० उजाडला.

खानदेशाच्या उंबरठ्यावर दरम्यान वेगळंच काही शिजत होतं. धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं तासाभरावर मालेगाव. तिथे अल्प्राझोलम ‘कुत्ता गोळी’ म्हणून गल्लीबोळांत विकलं जाऊ लागलं. मालेगावात आणि धुळ्यातही पोलिसांनी अशा गोळ्यांचे साठे वेळोवेळी पकडले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात अल्प्राझोलम येतं, त्यामुळे या कारवाया कडक असतात, आणि त्या हव्यातच. केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत औषधी कारणाशिवाय गुंगीच्या गोळ्या घेणारे देशात सुमारे १ कोटी १८ लाख निघाले. संख्येनं सर्वांत पुढच्या पाच राज्यांत महाराष्ट्र आहे.

पण या बातम्यांच्या गदारोळात दुसरा, शांतपणे बसलेला माणूस दिसेनासा होतो. तो कायदा मोडत नाही. त्याच्याकडे चिठ्ठी आहे. फक्त ती चिठ्ठी कित्येक वर्षांपूर्वीची आहे. जून २०२० मध्ये जळगावचा कोरोना मृत्युदर देशातल्या सर्वांत जास्त दरांपैकी होता. त्या धास्तीच्या दिवसांत दिलेली ‘पंधरा दिवसांची’ गोळी कुणी आजही घेत असेल, तर दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. गोळी सुरू करण्याची तारीख चिठ्ठीवर असते. थांबवण्याची कुणी लिहीत नाही. एच-१ ची वही विक्री मोजते, दिवस मोजत नाही. खरी उणीव तिथे आहे.

धोकेही इथल्या जगण्यात मिसळलेले आहेत. गोळीवर दारू घेतली, किंवा ट्रॅमाडॉलसारखं अफूच्या जातीचं वेदनाशामक घेतलं, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. उन्हाळ्यात घामानं उठणाऱ्या नायट्यासाठी सर्रास दिलं जाणारं इट्राकोनॅझोल अल्प्राझोलमचं शरीरातलं विघटन रोखतं. रक्तातली मात्रा आपोआप चढते, म्हणून ही दोन औषधं एकत्र घ्यायची नसतात. त्वचेच्या डॉक्टरांना झोपेच्या गोळीबद्दल सांगावं हे कितीजणांना सुचतं? म्हातारी माणसं रात्री उठताना तोल जाऊन पडतात, खुब्याचं हाड मोडतं. आणि सकाळी जडावल्या डोळ्यांनी महामार्गावर ट्रक किंवा मोटारसायकल काढणं म्हणजे इतरांचाही जीव टांगणीला लावणं.

हे वाचून कुणी आज रात्रीच गोळ्या फेकून देऊ नयेत. बरेच महिने घेतलेली गोळी अचानक तोडली तर झटके येऊ शकतात, तेही जीवघेणे. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून काढलेल्या मार्गदर्शनात दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा ५ ते १० टक्के उतरवण्याचा विचार करावा, असं म्हटलं आहे. म्हणजे वर्षानुवर्षांच्या सवयीला कित्येक महिने लागणार, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दीर्घकाळच्या चिंतेवर आज पहिली पसंती वेगळ्या औषधांना आणि समुपदेशनाला आहे. त्या औषधांचा गुण दिसायला काही आठवडे जातात. तेवढ्या मधल्या काळापुरती ही गोळी उत्तम आधार ठरते. तिला सरसकट वाईट ठरवणं हाही अन्यायच.

मदत आता पूर्वीइतकी लांब नाही. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं; जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर फुकट आणि मराठीतही बोलता येतं. बाह्यरुग्ण विभागात जाताना मात्र घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, नायट्याची आणि गुडघेदुखीचीसुद्धा, एका पिशवीत घालून न्यावीत, आणि नवी चिठ्ठी हातात पडताच विचारावं: ही गोळी कोणत्या तारखेपर्यंत?