परदेशातली एमबीबीएस आणि दीडशे गुणांची परीक्षा

दरवर्षी जून आणि डिसेंबरमध्ये देशभरातल्या संगणक केंद्रांवर एक परीक्षा होते. नीटचा निकाल लागला की पहिल्या पानावर पेढे भरवतानाचे फोटो येतात. या परीक्षेच्या वाट्याला आतल्या पानावरच्या चार ओळी येतात, त्याही आल्या तर. पास झालेल्यांचा फोटो कुणी छापत नाही आणि नापास झालेल्यांची कुणी विचारपूस करत नाही. परीक्षेचे नाव एफएमजीई, म्हणजे फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट एक्झामिनेशन. परदेशातून डॉक्टरकीची पदवी घेऊन आलेल्या भारतीय विद्यार्थ्याला इथे नोंदणी हवी असेल तर ही परीक्षा पास व्हावीच लागते. २००१ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १५ मार्च २००२ पासून पुढे पदवी घेणाऱ्यांना ती बंधनकारक झाली. निकाल तीस टक्क्यांपर्यंत गेला तरी चांगला म्हणायचा. अनेकदा तो विशीच्या आसपास किंवा त्याच्याही खाली राहतो. जून २०२३ च्या परीक्षेत तो दहा टक्क्यांच्या आसपास होता. दहा जण बसले, एक पास झाला.

आंबेडकरी चळवळीच्या वर्तमानपत्राने या परीक्षेची दखल का घ्यावी? कारण आता या रांगेत आमची लेकरे उभी आहेत. एकेकाळी डॉक्टर व्हायला परदेशी जाणे हे पुढाऱ्याच्या आणि कंत्राटदाराच्या मुलाचे काम होते. आज एसटी कंडक्टरची मुलगी बिश्केकला असते, जिल्हा परिषदेच्या मास्तरांचा मुलगा कझानला असतो, ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या कामगाराचा मुलगा तिबिलिसीला असतो. सरकारी महाविद्यालयाची जागा थोडक्या गुणांनी हुकलेली असते, खासगी महाविद्यालयाची फी ऐकून घरात शांतता पसरलेली असते. अशा वेळी एजंट दारात येतो. बाप भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढतो, आईचे दागिने बँकेत जातात, कुठे घेऊन ठेवलेला प्लॉट विकला जातो. या आई-बापांना आम्ही दोष देत नाही. त्यांचे स्वप्न बरोबरच आहे. पण त्या स्वप्नाच्या शेवटी तीनशे प्रश्नांचा एक पेपर आहे, हे त्यांना कुणी नीट सांगितले का?

सरकारी मदतीचे गणितही पाहा. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. आज अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, पण ती मास्टर्स आणि पीएचडीसाठी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पण ती भारतात शिकणाऱ्यांसाठी. बिश्केकला एमबीबीएस करणारी मुलगी या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. तिचा सगळा खर्च बापाच्या पगारातून आणि बँकेच्या कर्जातून होतो. ती परत येते तेव्हा कर्जाचे हप्ते डोक्यावर असतात आणि हातात असते एक पदवी, जिच्यावर इथे सलाइनही लावता येत नाही.

परीक्षा कशी असते ते आधी समजून घेऊ. एकाच दिवशी तीनशे प्रश्न, दीडशे-दीडशेच्या दोन भागांत, प्रत्येक भागाला दीडशे मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नसतो. पास व्हायला तीनशेपैकी दीडशे गुण लागतात. १४९ मिळाले तर पुन्हा सहा महिने थांबा. कितीही वेळा बसता येते, ही त्यातली एक दिलाशाची गोष्ट.

आणि हे दीडशे सर्वांना सारखेच आहेत. खुल्या प्रवर्गाला दीडशे, ओबीसीला दीडशे, अनुसूचित जाती-जमातीला दीडशे. इथल्या एमबीबीएसच्या विद्यापीठ परीक्षेतही पास होण्याचे गुण सर्वांना सारखेच असतात. आरक्षण प्रवेशाला असते, पास होण्याला नसते. तरीही 'कोट्यातला डॉक्टर' म्हणून नाक मुरडणारे महाभाग आहेतच. त्यांच्यासाठी हा हिशेब इथे नोंदवून ठेवतो आणि पुढे जातो.

गुणांची वाटणी पाहिली की अभ्यास कुठे करायचा ते कळते. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, पॅथॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी, फार्माकोलॉजी प्रत्येकी १३ आणि फॉरेन्सिक मेडिसिन १०. हे झाले शंभर. उरलेल्या दोनशेत मेडिसिनचे ३३, सर्जरीचे ३२, स्त्रीरोग व प्रसूतीचे ३०, बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा यांचे प्रत्येकी १५, तर त्वचा, मानसोपचार, हाडे, भूल, क्ष-किरण आणि रेडिओथेरपी यांचे पाच-पाच. आणि ज्या विषयाकडे मुले सर्वांत कमी लक्ष देतात त्या कम्युनिटी मेडिसिनला पूर्ण ३० गुण आहेत.

या तीस गुणांवर आम्ही मुद्दाम थांबतो. हा विषय म्हणजे आमची वस्ती आहे. बाळाला जन्मताच बीसीजी द्यायची, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, नऊ महिन्यांनी गोवर-रुबेला. सपाट भागात तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजाराला. क्षयरोगाची गोळी कुणी, कशी आणि किती महिने द्यायची, विहिरीत ब्लीचिंग पावडर किती टाकायची. अंगणवाडीच्या ओसरीवर वाढलेल्या आणि जिची आई कदाचित स्वतः आशा सेविका आहे, अशा मुलीला हे परके नाही. पण कझानच्या किंवा बिश्केकच्या वर्गात भारताचे राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम शिकवत नाहीत. तिथे तिथली आरोग्यव्यवस्था शिकवतात आणि ते साहजिकच आहे. त्यामुळे सहा वर्षांत पार्कचे जाडजूड पुस्तक उघडलेच जात नाही. पास व्हायला जे दीडशे गुण लागतात, त्यांचा पाचवा हिस्सा या एका पुस्तकात आहे. आमच्या मुलांनी तो सोडावा, याहून वाईट काय?

हीच गोष्ट सिकलसेलची. विदर्भात आदिवासींबरोबर आमच्या बौद्ध समाजातही या आजाराचे रुग्ण आणि वाहक मोठ्या संख्येने आहेत. नागपूरकडच्या कितीतरी घरांत एखादे लेकरू सांधे धरून रडताना रात्री जागवलेल्या आहेत. सोल्युबिलिटी टेस्ट, इलेक्ट्रोफोरेसिस, हायड्रॉक्सीयुरिया हे शब्द आमच्या आया-बहिणींना दवाखान्याच्या चिठ्ठीवरून माहीत झाले. तिकडे मात्र या आजाराचा रुग्ण वॉर्डात क्वचितच दिसतो. साप चावलेला शेतमजूर किंवा कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेला माणूसही दिसत नाही. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, ते सर्वांना आठवत असेल. अशा रुग्णाची बाहुली बारीक का होते आणि अ‍ॅट्रोपिन किती वेळ देत राहायचे, हे परीक्षेत विचारतात आणि उद्या ग्रामीण रुग्णालयातही विचारणार आहेत. म्हणून ही परीक्षाच रद्द करा, या मागणीला आमचा पाठिंबा नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाकावर बसलेला रुग्ण आमचाच आहे. त्याच्यापुढे येणारा डॉक्टर तयार होऊनच यावा.

प्रश्न तयारीचा आहे. तिकडे वर्गात इंग्रजी आणि वॉर्डात रशियन किंवा किर्गिझ. रुग्ण काय सांगतो ते कळेपर्यंत तिसरे वर्ष संपते. मग मुलगी परत येते आणि तयारी तिथून सुरू होते. ज्यांच्याकडे पैसा आहे ते दिल्लीच्या गौतमनगरात खोली घेऊन क्लास लावतात. बाकीचे गावातल्या अभ्यासिकेत येतात. अशा एका अभ्यासिकेत आम्ही एक मुलगी पाहिली. सभोवती एमपीएससीची आणि पोलीस भरतीची मुले. ती आपसात प्रश्न विचारतात, चालू घडामोडींवर वाद घालतात. ही एकटी कोपऱ्यात, समोर जुन्या बाजारातून घेतलेली पुस्तके. तिला विचारायला कुणी नाही आणि तिचे चुकले ते सांगायलाही कुणी नाही. तिच्या फॉरेन्सिकच्या पुस्तकात खुनाचे कलम ३०२ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तेच कलम १०३ झाले. हुंडाबळीचे ३०४-ब आता ८० आहे. जुने पुस्तक स्वस्त मिळते, पण असे गुण घालवते.

दुसरी अडचण पुस्तकातली नाही. मुलगा परतला की विहारात त्याचा सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, 'समाजाचा डॉक्टर' म्हणून भाषणे. वस्तीच्या तोंडावर फलक लागतो. सहा महिन्यांनी निकाल येतो आणि तो नापास होतो. मग लोक विचारतात, दवाखाना कधी टाकणार? दुसऱ्यांदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारतात. मुलगा रविवारच्या वंदनेला यायचा बंद होतो. अशी मुले घरात कोंडून घेतात, आणि कोंडून घेतलेल्या माणसाच्या हातून अभ्यास होत नाही. काहीजण एखाद्या खासगी रुग्णालयात रात्रपाळीला उभे राहतात, नोंदणीशिवाय. त्यांना कळकळीने सांगतो, हे करू नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यातील कलम ३४ प्रमाणे नोंदणीशिवाय प्रॅक्टिस केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मालक हात झटकेल, नाव तुमचे जाईल.

'नेक्स्ट येणार, मग एफएमजीई राहणारच नाही' या चर्चेतही अनेकांनी वर्षे घालवली. नेक्स्टची तरतूद त्याच २०१९ च्या कायद्यात आहे, पण जुलै २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली आणि एफएमजीई होतच राहिली. समोर जी परीक्षा आहे तिचाच अभ्यास करायचा.

तयारी पहिल्या वर्षापासून व्हायला हवी. तिकडे अ‍ॅनाटॉमी चालू असतानाच इथल्या पुस्तकातले अ‍ॅनाटॉमीचे प्रश्न सोडवायचे, उन्हाळी सुट्टीत घरी आल्यावर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन बसायचे, लसीकरणाच्या दिवशी नर्सताईंच्या शेजारी उभे राहायचे. रोज पन्नास प्रश्न आणि चुकलेल्यांची वेगळी वही. परीक्षा मंडळ प्रश्नपत्रिका बाहेर देत नाही, त्यामुळे आपले कुठे चुकते हे या वहीशिवाय कळत नाही.

पण हे एकट्या मुलावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. आज आमच्यात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक आहेत, तालुक्याच्या ठिकाणी नावाजलेले सर्जन आहेत. आठवड्यातून दोन तास त्यांनी अभ्यासिकेत यावे. बार्टीच्या प्रशिक्षणाच्या यादीत यूपीएससी आणि बँकेच्या बरोबरीने एफएमजीईचे नाव ठळक असावे आणि त्यासाठी समाजकल्याण खात्याकडे निवेदने जावीत. परदेशी एमबीबीएसचा मेळावा भरवणाऱ्या एजंटाला विहाराचे सभागृह देण्याआधी त्याच्या विद्यापीठातून आलेल्यांपैकी किती जण पास झाले, ते विचारावे. परीक्षा मंडळाने अशी विद्यापीठवार आकडेवारी वेळोवेळी प्रसिद्ध केलेली आहे, त्यामुळे 'माहीत नाही' हे उत्तर चालणार नाही.

ज्यांची मुले यंदा जाणार आहेत त्यांनी २०२१ चे नियम एजंटाकडून नव्हे, स्वतः वाचून घ्यावेत. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, त्याच संस्थेत बारा महिन्यांची इंटर्नशिप, त्या देशात डॉक्टर म्हणून नोंदणीची पात्रता आणि प्रवेशापासून दहा वर्षांत सगळे पूर्ण. यातली एक अट मोडली तरी पुढचे दार बंद. परीक्षा पास झाल्यावर इथेही पुन्हा एक वर्षाची इंटर्नशिप असते, आणि तिच्यासाठी महाविद्यालयांत परदेशी पदवीधरांना साडेसात टक्केच जागा ठेवल्या आहेत. तिथेही रांग लागते. म्हणून नीटच्या गुणपत्रिकेपासून पासपोर्टवरच्या शिक्क्यांपर्यंत प्रत्येक कागदाची फाइल पहिल्या दिवसापासून घरी ठेवा, आणि तिची एक प्रत मुलाबरोबर द्या.