उभ्या गाडीतली जागी बॅटरी

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांतल्या गाड्या होत्या तिथेच उभ्या राहिल्या. काही महिन्यांनी किल्ली फिरवली, तर अनेकांना उत्तर मिळालं ते नुसतं टक-टक-टक. इंजिन धडधाकट, टाकीत पेट्रोल, पण बॅटरी उतरलेली. वापरलीच नाही तर वस्तू झिजेल कशी, हा आपला सरळ हिशेब. बॅटरीला तो मान्य नसतो.

तिच्या डब्यात सहा कप्पे असतात. प्रत्येकात सल्फ्युरिक ॲसिडच्या पाण्यात बुडालेल्या दोन प्रकारच्या प्लेटा: एक सच्छिद्र शिशाची, दुसरी तपकिरी लेड डायऑक्साइडची. ही जोडी जुळवली गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने, 1859 मध्ये. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेटचा पांढरा थर बसतो. चार्जिंगला लावली की तो थर मोडून प्लेटा मूळपदावर येतात.

एका कप्प्यातून सुमारे 2.1 व्होल्ट मिळतात, आणि ते येतात कुठून हे कळल्यावर मी तरी थक्क झालो. शिशाच्या अणुकेंद्रात 82 प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ 60 टक्के वेगाने धावतात, आणि तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो. 2011 मध्ये शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं, की या 2.1 पैकी 1.7 ते 1.8 व्होल्ट निव्वळ सापेक्षतावादाची देणगी आहे. म्हणजे बारा व्होल्टच्या बॅटरीतले दहाएक व्होल्ट! रिक्षावाला सकाळी सेल्फ मारतो तो आइन्स्टाइनच्या जिवावर.

गाडी बंद असली तरी ही रसायनं स्वस्थ बसत नाहीत. तारा काढून ठेवलेली बॅटरीसुद्धा दर महिन्याला थोडी थोडी आपोआप उतरत जाते. उकाड्यात हा वेग वाढतो; ढोबळमानाने दर 10 अंशांना दुप्पट. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली बॅटरी म्हणूनच लवकर मान टाकते.

खरा घात मात्र त्या पांढऱ्या थरात आहे. ताजं लेड सल्फेट अगदी बारीक कणांचं असतं, चार्जिंगला चटकन दाद देतं. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर जाऊन बसतात, आणि मोठे आणखी मोठे होतात. फ्रीझरमध्ये विसरलेल्या आइसक्रीमात बर्फाचे खडे होतात, ते याच रीतीने. हे टणक स्फटिक मग चार्जरलाही जुमानत नाहीत. मेकॅनिक ‘सल्फेट धरलं’ म्हणतो ते हेच.

त्यात बंद गाडीही गुपचूप वीज पीत असते: घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक, कॉम्प्युटर. 50 मिलिॲम्पिअर म्हणजे काहीच नाही असं वाटतं; पण चोवीस तासांत ते 1.2 ॲम्पिअर-अवर होतात. लहान गाडीची 35 ॲम्पिअर-अवरची बॅटरी महिन्याभरात रिकामी! सहा महिने मुलाकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांनी तार काढून जायचं ते यासाठी. आधी काळी तार, मग लाल. गाडीचा सगळा सांगाडा काळ्या टोकाला जोडलेला असतो. लाल नट आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर जी ठिणगी उडते ती पाहणारा पुन्हा क्रम चुकत नाही. जोडताना उलट, काळी शेवटी.

ठेवताना बॅटरी पूर्ण भरलेली हवी. चार्जर काढून काही तासांनी मीटरवर 12.6 ते 12.7 व्होल्ट दिसले पाहिजेत. महिन्या-दोन महिन्यांनी कुणा शेजाऱ्याला बघायला सांगावं, आणि आकडा 12.4 च्या खाली गेला की चार्जिंगला लावावी, तीही खिडकी उघडून. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो 4 टक्के झाला की ठिणगीचीच वाट बघतो. वॉचमनला पाच मिनिटं इंजिन चालू करायला सांगणं हा निव्वळ मनाच्या समाधानाचा उपाय. तेवढ्यात महिन्याची तूट भरत नाही.

बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, ही समजूत जुन्या काळच्या लाकडी आणि रबरी डब्यांची. आजच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीचं काही वाटत नाही. लेहच्या हिवाळ्यात मात्र रिकामी बॅटरी फुटू शकते. उतरल्यावर ॲसिड पातळ होतं आणि उणे 8 अंशांच्या आसपास गोठतं. भरलेल्या बॅटरीतलं उणे 50 लाही गोठत नाही.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या लिथियम बॅटरीचा कायदा मात्र उलटा: ती पूर्ण भरून ठेवली की लवकर म्हातारी होते, म्हणून साधारण निम्मी भरून ठेवायची. गंमत म्हणजे बऱ्याच इलेक्ट्रिक मोटारींत लॉक आणि कॉम्प्युटरसाठी एक छोटी शिशाची बॅटरीही असते. ती उतरली, तर खालची भलीमोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.