झाडात पंप नसतो!

शेंड्यापर्यंत पाणी जिवंत पेशी चढवतात, असं जगदीशचंद्र बोस मानत. 1923 साली त्यांनी त्यावर पुस्तकच लिहिलं. पण त्याआधीच जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबुर्गर यांनी कापलेल्या झाडांना विषारी द्रावण पाजलं होतं. वाटेतल्या पेशी मेल्या, तरी द्रव चढत राहिला. मुळात जलवाहिन्यांच्या पेशी मेलेल्याच असतात! पाणी ओढतं ते पानांतलं बाष्पीभवन. यावर हमखास आक्षेप येतो: शोषून पाणी जेमतेम 10 मीटर चढतं, मग कॅलिफोर्नियातला सुमारे 115 मीटरचा रेडवूड? ती मर्यादा हवेच्या दाबाने ढकललेल्या पाण्याची. वाहिनीत पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. स्तंभ ताणला जातो, सहसा तुटत नाही. दुष्काळात मात्र तुटतो. तेव्हा तुटलेल्या जागी झालेला बुडबुडा त्या वाहिनीतच अडकतो आणि पाणी भिंतीतल्या सूक्ष्म खळग्यांतून शेजारच्या वाहिनीत वळतं.