वाशिष्ठीचे पूर आणि चिपळूणचा नागरी व्यवहार

ऋतूच्या उग्रतेमुळे जीवनव्यवहारात पडणारा खंड हा भूगोलाच्या अभ्यासकाने केवळ आपत्ती म्हणून न पाहता त्या प्रदेशाच्या नित्य स्वभावाचा एक भाग म्हणून पाहावयास हवा. हिमवर्षावाच्या देशांनी ही दृष्टी फार पूर्वीच स्वीकारलेली आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबरपासून 15 मार्चपर्यंत मोटारींना हिवाळी टायर बसविणे कायद्यानेच सक्तीचे आहे. बर्फ पडेल की नाही हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. तो पडणारच, असे धरून रस्ते, रुळ व घरे यांची व्यवस्था लावलेली असते. आपल्याकडे बर्फाची जागा पावसाने घेतली आहे. कोकणात वर्षाचे चार महिने पाऊस हाच व्यवहाराचा नियंता असतो, आणि त्याचे अत्यंत बिकट रूप पाहावयाचे असेल तर ते चिपळुणात पाहावे.

पण बर्फ आणि पाणी यांत एक मोठा भेद आहे. बर्फ साचत जातो, दिसत राहतो आणि सावकाश वितळतो. वाशिष्ठीचे पाणी काही तासांत चढते, उतरते, आणि मागे गाळ ठेवून जाते. म्हणून हिमप्रदेशातील सिद्धता ही ऋतूची असते. चिपळूणची सिद्धता मात्र ऋतूची असून भागत नाही, ती तासांची असावी लागते.

याचे कारण भूरचनेत आहे. सह्याद्रीचा कडा चिपळूणपासून सरळ रेषेत फार दूर नाही. कुंभार्ली घाटाच्या परिसरातील शिखररेषेवरून कोसळणारे पाणी अल्प अंतरात सहा-सातशे मीटरची उंची उतरते आणि चिपळूणच्या आसपास एकदम सपाटीवर येते. वेगाने आलेल्या पाण्याबरोबर दगडगोटे व माती येते. वेग मंदावला की ती तेथेच बसते आणि पात्राची खोली कमी होते. गावातून येणारी शिव नदी येथेच वाशिष्ठीस मिळते. वाशिष्ठी फुगली म्हणजे शिव नदीच्या पाण्यास बाहेर पडण्यास वाव राहत नाही व ते बाजारपेठेत पसरते. गावाच्या खालच्या अंगास गोवळकोटपर्यंत दाभोळच्या खाडीची भरती पोहोचते. मुंबईहून आगबोटीने दाभोळास येऊन पुढे खाडीने गोवळकोटच्या धक्क्यावर उतरण्याचा जुना मार्ग ज्या भरतीच्या आधारे चालत असे, तीच भरती पुराच्या वेळी नदीचे तोंड बंद करते. खेडकडून येऊन याच खाडीस मिळणाऱ्या नदीचे नाव जगबुडी असावे, यावरून या खोऱ्यातील पूर्वजांचा अनुभव कळतो.

भरतीचे गणित येथील खलाशी व कोळी यांस तोंडपाठ असते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास स्थूलमानाने मिळतो. अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. पौर्णिमा व अमावास्या यांच्या आसपास उधाणाची भरती येते. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी असते आणि चढउतार थोडा असतो. हा ठोकताळा पंचांगावर बेतलेला असल्याने त्यास यंत्र लागत नाही. पूर कोणत्या तिथीस येतो यावर त्याची उंची काही अंशी अवलंबून राहते, ही गोष्ट पावसाच्या आकड्यांकडेच लक्ष देणाऱ्या अभ्यासकाच्या नजरेतून अनेकदा सुटते.

22 जुलै 2021 चा पूर या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. आषाढी एकादशी 20 जुलैस झाली होती. 22 तारखेस त्रयोदशी होती आणि पौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. वरील ठोकताळ्याने त्या सकाळी भरती दहाच्या सुमारास येते. रात्रभर घाटमाथ्यावर व पायथ्याशी अतिवृष्टी चालू होती. (त्याच वृष्टिचक्रात महाबळेश्वर येथे 23 जुलैच्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत 594 मिलिमीटर पावसाची नोंद झाली.) पहाटे पाणी गावात शिरले, आणि ते ओसरू लागण्याच्या आधीच खालून उधाणाची वेळ आली. हजारो माणसे घरांच्या वरच्या मजल्यांवर व छपरांवर अडकली. वीज गेली, दूरध्वनी यंत्रणा बंद पडली. चिपळूण व कामथे या स्थानकांदरम्यान वाशिष्ठीच्या पुलाशी पाणी धोक्याच्या पातळीवर गेल्याने कोकण रेल्वेच्या गाड्या ठिकठिकाणी थांबविण्यात आल्या. महामार्गावरील पुलाचीही हानी झाली. म्हणजे ज्या तीन वाटांनी बाहेरची मदत यावयाची, त्या तिन्ही त्याच पाण्याने अडविल्या होत्या.

येथे कोयनेचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तो टाळून चालणार नाही. 1962 पासून कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर पश्चिमेस सोडले जाते व कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येते. उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती राहते ती यामुळेच. कृष्णा पाणीतंटा लवादाने या वळणासाठी वर्षास 67.5 अब्ज घनफूट पाणी धरले होते. वर्षाच्या सेकंदांनी भागले असता ही सरासरी दर सेकंदास सुमारे 60 घनमीटर येते; संयंत्रे पूर्ण भाराने चालू असता प्रवाह याच्या काही पट होतो. उलट पक्षी, 100 चौरस किलोमीटर क्षेत्रावर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि तो सर्व वाहून गेला असे धरले, तर प्रवाह सेकंदास सुमारे 1,400 घनमीटर होतो. वाशिष्ठीचे पाणलोट क्षेत्र याहून पुष्कळ मोठे आहे. तेव्हा महापुराचे मूळ पावसात आहे, धरणात नाही, असे या गणितावरून म्हणावे लागते. तथापि नागरिकांची तक्रार निराधार ठरवून मोकळे होणे हेही शास्त्रीय नव्हे. नदी काठोकाठ भरलेली असता शेवटी मिसळणारे थोडे पाणीही उंबरठा ओलांडते. आणि पाऊस थांबविणे कोणाच्या हाती नसले तरी संयंत्रे काही तास थांबविणे हाती असते. कोळकेवाडीचा जलाशय कोयनेच्या मानाने अगदी लहान असल्याने त्यास फार काळ पाणी अडवून धरता येत नाही, ही अडचणही ध्यानात घ्यावी. खरा प्रश्न सूचनेचा आहे: पाणी केव्हा व किती सोडले जाणार हे खालच्या माणसास किती तास आधी, आणि वीज गेलेली असता कोणत्या साधनाने कळते?

जुन्या चिपळूणकराची सिद्धता दोन पातळ्यांवर असे. पहिली आगोटीची. मृगापूर्वी धान्य, मीठ, सरपण, सुकी मासळी यांची बेगमी करून ठेवावयाची, म्हणजे वाटा बंद झाल्या तरी घर चालते. दुसरी पुराची: उंच जोते, लाकडी माळा आणि पाणी अंगणात आले की धान्याच्या कणग्या व कागदपत्रे माळ्यावर चढविणे. व्यापाऱ्याच्या घरी मागील पुराची खूण भिंतीवर असे व माल तिच्या वर ठेवला जाई. 2021 मध्ये हीच पद्धत काही ठिकाणी घातक ठरली. 26 जुलै 2005 च्या पुराची खूण हीच मर्यादा समजून अनेकांनी माल तिच्या किंचित वर ठेवला होता. बाजारपेठेत पाणी तिच्याही वर गेले. खूण ही घडलेल्या घटनेची नोंद आहे, पुढील घटनेची कमाल मर्यादा नव्हे.

या हानीत एका संस्थेचा निर्देश करणे विद्यापीठीय वाचकांसाठी आवश्यक वाटते. 1864 साली स्थापन झालेले लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 2005 व 2021 या दोन्ही पुरांत सापडले. पुस्तके भिजल्यावर काय करावे, याची माहिती आपल्या ग्रंथालयांत अजून फारशी रुजलेली नाही. उष्ण व दमट हवेत भिजलेल्या कागदावर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. चिखलाने माखलेले पुस्तक मिटलेले असतानाच स्वच्छ पाण्यात हलके धुवावे. पाने एकेक उलगडण्याची घाई करू नये, कारण ओला कागद फाटतो. नंतर ते उभे करून, पाने किंचित पसरून, पंख्याच्या वाऱ्यावर सावलीत वाळवावे. गुळगुळीत चित्रांची पाने वाळताना एकमेकांस कायमची चिकटतात. ती आधी हातात घ्यावीत व त्यांच्यामध्ये कोरा कागद घालावा. एकाच वेळी सर्व वाळविणे अशक्य असेल तर उरलेली पुस्तके गोठवून ठेवावीत. गोठलेल्या अवस्थेत बुरशी वाढत नाही, व पुढे महिन्यांनीही त्यांवर उपचार करता येतो. चिपळूणच्या आसपास मासळीसाठी शीतगृहे व बर्फाचे कारखाने आढळतात. अशा एखाद्या शीतगृहाशी आगाऊ बोलणे करून ठेवणे ग्रंथपालास अवघड नसावे. कोकणात बर्फाचा असाही उपयोग संभवतो.

पूर ओसरल्यावरचा चिखल उपसताना पायावरील जखमांतून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होतो; गमबूट व वैद्याच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध हे दोन्ही लागतात. विहिरी उपसून क्लोरीन घातल्याशिवाय पाणी वापरू नये, हे सांगण्याची गरज नसावी.

रेल्वेने मात्र हिमप्रदेशासारखी ऋतुव्यवस्था अंगीकारली आहे. 22 जून 2003 रोजी वैभववाडीजवळ आणि 16 जून 2004 रोजी करंजाडीजवळ दरडींमुळे भीषण अपघात झाले. आज कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक वेगळे असते, रुळांवर गस्त असते, आणि मुसळधार पावसात दिसेनासे झाले की चालकाने वेग ताशी 40 किलोमीटरवर आणावा असा दंडक आहे. गाडी उशिरा पोहोचणार हे आधीच छापून दिल्याने प्रवाशाची कुरकुरही कमी होते.

नगराच्या बाबतीत असे वेळापत्रक करणे कठीण, कारण तेथे जमिनीची मालकी आड येते. पाटबंधारे खात्याच्या नियमांनुसार 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा व 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, दोहोंच्या दरम्यान ते नियंत्रित. चिपळुणात या रेषा आखल्या गेल्या तेव्हा वसलेल्या गावाचा मोठा भाग त्यांच्या आत आला, आणि घराची पुनर्बांधणी करू इच्छिणाऱ्यांनी हरकती घेतल्या. नदीतील गाळ काढला तर रेषा मागे सरकतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. 2021 नंतर नागरिकांच्या आंदोलनामुळे शासनाने, तसेच नाम फाउंडेशनच्या साहाय्याने, गाळ उपसण्याचे काम हाती घेण्यात आले. घाटातून दर पावसाळ्यात नवा गाळ येत असल्याने हे काम वर्षावर्षाचे आहे, आणि रेषांची फेरमोजणी करताना पात्राचा छेद कोणत्या वर्षाचा धरला हे प्रत्येक नकाशावर लिहिलेले असणे आवश्यक आहे.