जुन्या संगणकासाठी लिनक्स: गैरसमज आणि वस्तुस्थिती

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप लागते, जी बऱ्याच जुन्या संगणकांत नसते, म्हणून चांगले चालते संगणक भंगारात काढायच्या गोष्टी सुरू झाल्या. ते काढू नका, त्यांवर लिनक्स टाकता येतं. पण लिनक्सबद्दलच्या ऐकीव गोष्टींवरही विसंबू नका.

गैरसमज: लुबुंटू, झुबुंटू, मिंट, अँटीएक्स या लिनक्सच्या अगदी वेगळ्या सिस्टिम आहेत.
सगळ्यांचं मूळ डेबियन. त्यावरून उबुंटू आणि उबुंटूवरून लुबुंटू, झुबुंटू, मिंट. अँटीएक्स थेट डेबियनवर. फरक मुख्यतः डेस्कटॉपचा आणि आधाराच्या मुदतीचा. लुबुंटू 24.04 ला एप्रिल 2027 पर्यंत अपडेट मिळतील, मिंट 22 ला 2029 पर्यंत. निवडताना ही तारीख आधी बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज: हलकी सिस्टिम टाकली की 2 जीबी रॅमचा लॅपटॉप नव्यासारखा पळतो.
डेस्कटॉप हलका होतो, ब्राउझर नाही. फायरफॉक्समध्ये पाच-सहा टॅब उघडले की अँटीएक्सवरही रॅम भरते. यूट्यूबचं दुखणं आणखी वेगळं. तिथले बरेच व्हिडिओ व्हीपी9 पद्धतीचे असतात आणि कोअर 2 डुओच्या काळातल्या ग्राफिक्सला ते उलगडता येत नाहीत. सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घोंघावतो, चित्र अडखळतं. व्हिडिओ 480पी वर ठेवला की बराच फरक पडतो. खरा कायापालट होतो तो रॅम 4 जीबी करून हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर. सिस्टिम बदलत बसण्यापेक्षा तो खर्च आधी करा.

गैरसमज: लिनक्स कितीही जुन्या यंत्रावर चालतं.
उबुंटूने 2017 मध्ये 32 बिट डेस्कटॉप आवृत्ती बंद केली, मिंटने 2020 मध्ये मुख्य आवृत्तीत तेच केलं आणि डेबियन 13 मध्ये 32 बिट इन्स्टॉलरच नाही. 32 बिट प्रोसेसरच्या जुन्या यंत्रांसाठी अँटीएक्स 23 किंवा डेबियन 12 उरतात. मात्र 32 बिट विंडोज असलं म्हणजे प्रोसेसरही 32 बिट, असं नव्हे. विंडोज 10 च्या ‘अबाउट’ पानावर ‘सिस्टिम टाइप’पुढे ‘एक्स 64-बेस्ड प्रोसेसर’ दिसलं, तर 64 बिट आवृत्ती चालेल.

गैरसमज: मराठीत काम होत नाही.
इनस्क्रिप्ट कीबोर्ड आणि लिबरऑफिस दोन्ही मोफत मिळतात. फक्त जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधलं लिखाण आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

डिस्क पुसण्याआधी फायलींची प्रत काढा, सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवून बघा आणि वायफाय, आवाज, प्रिंटर तपासल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ दाबू नका.