'अदालत', 'इन्साफ', 'जुलूम': इस्लाममधली न्यायाची कल्पना नेमकी काय?

नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात मालक आणि भाडेकरूचं भांडण सुरू झालं की कुठले शब्द कानावर येतात? हक्क, दावा, वकील, कायदा, फैसला. 'मालक'सुद्धा. हे सगळे शब्द अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आले. इस्लाममध्ये न्याय म्हणजे काय, हे समजून घ्यायला याच शब्दांची मदत होते.

'अदालत'चं मूळ 'अद्ल'. म्हणजे समतोल, दोन्ही पारडी सारखी. 'इन्साफ'च्या मुळाशी 'निस्फ', म्हणजे अर्धा भाग. 'किस्त' म्हणजे ज्याचा त्याचा रास्त वाटा. जुन्या सारावसुलीतली किस्तबंदी तीच. आणि या सगळ्याच्या उलट 'जुल्म', आपला जुलूम. जुन्या अरबी कोशकारांनी त्याचा अर्थ दिलाय: वस्तू तिच्या जागी न ठेवणं.

कुराणात ही कल्पना वारंवार येते. चौथ्या सूरहची १३५ वी आयत सांगते की साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातेवाइकांच्या विरोधात जात असली तरी न्यायाची बाजू सोडू नका. पाचव्या सूरहची आठवी आयत म्हणते, एखाद्या समाजाशी वैर आहे म्हणून त्याच्यावर अन्याय करू नका. मापात पाप करणाऱ्यांवर तर एक अख्खी सूरह आहे, ८३ वी.

मग तत्त्व इतकं स्पष्ट असताना एका दमात तीनदा 'तलाक' म्हणून बायकोला घराबाहेर कसं काढता येत होतं? पुण्यातल्या सय्यदभाईंना हा प्रश्न पडला तो पुस्तकातून नाही, सख्ख्या बहिणीला असा तलाक मिळाला म्हणून. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला होता. फक्त सात! पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. सय्यदभाईंनी आयुष्यभर त्याचं काम केलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी हा तलाक रद्द ठरवला. बहुमतातल्या न्या. कुरियन जोसेफ यांनी थेट कुराणाचाच आधार घेतला: तलाकआधी दोन्ही घरांतल्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न करायला हवा, आणि एका दमातल्या तलाकात ती सोयच उरत नाही. म्हणजे इथे धर्म विरुद्ध न्याय अशी सरळ लढत नव्हतीच, सोशल मीडियावर ती तशी रंगवली गेली तरी.

२०१९ च्या कायद्याने असा तलाक गुन्हा ठरवला, तीन वर्षांपर्यंत कैद. यावरचा आक्षेपही साधा आहे: नवरा तुरुंगात गेला तर पोटगी कोण देणार?

बहुपत्नीत्व मात्र या कायद्याच्या बाहेर राहिलं. सुधारणावादी इथेही चौथ्या सूरहकडेच बोट दाखवतात. तिसरी आयत म्हणते, सगळ्या बायकांना न्याय देता येणार नसेल तर एकच करा. आणि १२९ वी सांगते, कितीही वाटलं तरी तुम्हाला तो पूर्ण देता येणार नाही.