नेटवर्क-केबलमधील व्यत्यय आणि परीक्षणसाधनाची निवड

भाषाविभागाच्या पत्रिकेत तांब्याच्या तारांवरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु बोलींच्या अभ्यासकाचे साहित्य आता केवळ वहीत राहत नाही. ते यंत्रावर मुद्रित होते आणि केबलमधून विभागाच्या संग्रहात जाऊन पडते. ही वाट बिघडली म्हणजे अभ्यासही अडतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या बोलीचे ध्वनिमुद्रण करीत असता प्रस्तुत लेखकास व त्याच्या विद्यार्थ्यांस असा प्रसंग आला. त्या निमित्ताने या विषयाची जी माहिती करून घ्यावी लागली, ती येथे मांडली आहे.

पाटोदा, शिरूर कासार, धारूर या भागांतील टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि गळीत हंगाम सरल्यावरच परततात. मुद्रणाचा काळ त्यामुळे मोजका असतो. सेकंदास ४८,००० नमुने आणि प्रत्येक नमुन्यास २४ बिट या मानाने एका तासाच्या एकपदरी मुद्रणाचे सुमारे ५२ कोटी बाइट होतात. सुस्थितीतील केबलवरून एवढी फाइल एका मिनिटाच्या आत संग्रहात जावयास हवी. आमच्याकडे तिला अर्धा-पाऊण तास लागे आणि कित्येकदा मध्येच जोडणी तुटे. त्यातच काही मुद्रणांत एक अखंड घरघर ऐकू येऊ लागली. दोन्ही दोषांचे खापर अर्थातच केबलवर फुटले. तारतंत्र्याने खिशातील आठ दिव्यांचा टेस्टर लावला. दिवे १ ते ८ असे ओळीने लागले आणि केबल निर्दोष ठरली. तरीही दोष जाईना, तेव्हा सगळी केबल उपटून नवी टाकावी असा प्रस्ताव आला. त्या खर्चास विद्यार्थ्यांच्या प्रवासासाठी राखलेल्या रकमेखेरीज दुसरा आधार नव्हता. रक्कम गेली असती तर त्या वर्षीचे क्षेत्रकार्यही गेले असते.

या सर्व विचारात मूळ चूक अशी होती की, तक्रारी दोन असता निदान एकच गृहीत धरले होते. घरघरीचा प्रश्न आधी घेऊ. ध्वनिग्राहकापासून मुद्रकापर्यंतच्या तारेत आवाज विद्युत्-लहरीच्या रूपाने जातो. त्या तारेवर बाहेरचा व्यत्यय बसला की तो आवाजातच मिसळतो आणि पुढे वेगळा काढता येत नाही. नेटवर्क-केबलमध्ये मात्र अंकांच्या पुडक्या जातात. प्रत्येक पुडकीच्या शेवटी तिच्यातील मजकुरावरून काढलेली एक ताळ्याची संख्या असते. वाटेत एखादा बिट पालटला की ताळा जुळत नाही. पुडकी टाकून दिली जाते आणि फाइली पाठविण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ती पुन्हा मागविली जाते. येथील व्यत्यय आवाज मळवीत नाही, विलंब करतो. तेव्हा केबलने आवाज बिघडविला काय, या प्रश्नाचे साधन तारेचा टेस्टर नव्हेच. मुद्रकाच्या कार्डावरील मूळ फाइल आणि संग्रहातील प्रत या दोहोंचा चेकसम काढून ताडून पाहणे, हेच त्याचे साधन. आणि त्यास पैसा पडत नाही. आमचे चेकसम तंतोतंत जुळले. घरघर मूळ कार्डावरच होती. वर्णपटलेखात ५०, १००, १५० हर्ट्झवर आडव्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे ती घरातील विजेची होती. (वर्णपटलेखनाचे हे तंत्रही अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेतच वाढले आणि १९४७ साली ग्रंथरूपाने अभ्यासकांपुढे आले. तारायंत्रज्ञ आणि ध्वनिशास्त्रज्ञ यांची सोयरीक जुनी आहे.) मुद्रक भिंतीतील विजेवर लावून घेतलेल्या मुलाखतींतच घरघर होती, बॅटरीवर घेतलेल्या मुलाखती स्वच्छ होत्या.

आता विलंबाकडे वळू. केबलमध्ये आठ तारा असतात, पण तिचे एकक तार नव्हे, जोडी होय. चार जोड्यांना निरनिराळा पीळ दिलेला असतो. जोडीच्या दोन तारांत परस्परविरुद्ध संकेत सोडतात आणि दुसऱ्या टोकाला त्यांतील फरक तेवढा वाचतात. बाहेरून येणारा व्यत्यय पिळलेल्या दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच बसतो, आणि सारखे ते वजाबाकीत नाहीसे होते. पिळलेल्या जोडीची ही कल्पना अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने दूरध्वनीसाठी १८८१ साली पेटंट केली; आजची केबल त्याच तत्त्वावर चालते.

ऊसतोडीच्या व्यवहारातील एक शब्द येथे सहज आठवतो. ‘कोयता’ म्हणजे केवळ हत्यार नव्हे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा माणूस हा ‘अर्धा कोयता’. दोन निरनिराळ्या जोड्यांतील एकेक माणूस उचलून एक कोयता मांडला, तर हजेरीची डोकी बरोबर भरतील. काम मात्र बिघडेल. केबलच्या टोकाला नेमके असेच घडू शकते. प्रचलित मांडणीत १ व २ ही एक जोडी, ४ व ५ ही दुसरी, ७ व ८ ही तिसरी. आणि ३ व ६ ही चौथी जोडी मधल्या जोडीला कवेत घेऊन बसते. हे ठाऊक नसलेला कारागीर साहजिकच १-२, ३-४, ५-६, ७-८ अशा जोड्या ओळीने बसवितो. दोन्ही टोकांना सारखेच बसविले असल्यामुळे प्रत्येक तार आपल्या क्रमांकाला पोहोचते. परंतु ३ व ६ यांवरून जाणारा संकेत आता दोन वेगळ्या पिळांतील तारांवरून जातो. व्यत्यय दोहोंवर सारखा बसत नाही आणि शेजारच्या जोडीचा संकेतही त्यात झिरपतो. सर्व अक्षरे शुद्ध असून पदच्छेद चुकावा, तसा हा दोष आहे.

आठ दिव्यांचा टेस्टर ‘तार सलग आहे काय आणि योग्य क्रमांकास पोहोचते काय’ एवढेच विचारतो. त्यास पिळाचे ज्ञान नाही. तो खोटे बोलला नाही. त्याला तो प्रश्न विचारलाच नव्हता. टीडीआर नावाचे साधन तारेत क्षणिक स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजते. केबलमध्ये संकेताचा वेग प्रकाशाच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणून ३० मीटरवरील तुटीचा प्रतिध्वनी साधारण ३०० नॅनोसेकंदांनी परततो. तूट कोठे आहे हे सांगण्यास याहून सोयीचे साधन नाही, पण तूटच नसेल तर ते फारसे काही सांगणार नाही. भिंतीतील अनेक केबलांतून आपली कोणती, हे ओळखण्यास टोनर असतो. व्यत्ययाशी त्याचा संबंध नाही. एका जोडीतून दुसरीत किती झिरपते याचे प्रत्येक वारंवारतेला माप घेणारे साधन सर्टिफायर होय. कॅट-५-ई जातीच्या केबलसाठी ते १०० मेगाहर्ट्झपर्यंत मोजते. आमचा प्रश्न त्याने तत्काळ सोडविला असता, परंतु त्याची किंमत लहान महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरची असते. हे साधन भाड्याने किंवा कंत्राटदाराकडून आणवावे. नवी केबल टाकून घेताना तर त्याचा अहवाल मागितल्याशिवाय देयक चुकते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग आमच्या हाती काय होते? ज्या स्विचमध्ये सर्व केबल येतात त्यातच, तो व्यवस्थापनाची सोय असलेला असेल तर, ताळा न जुळलेल्या पुडक्यांची गणती चालू असते. संगणकाच्या बाजूसही तशी गणती मिळते. या साधनाकडे कोणी पाहत नाही, कारण ते विकत घ्यावे लागत नाही! दोन विद्यार्थ्यांनी एक दिवस दर पंधरा मिनिटांनी हे आकडे टिपले आणि शेजारी विजेच्या घडामोडी लिहिल्या. कूपनलिकेची मोटर चालू झाली की आकडा चढे, बंद झाली की थांबे. येथेच ‘मोटर दोषी’ असा निकाल देण्याचा मोह होतो. परंतु व्यत्ययास उगम, वाट आणि ग्राहक असे तिन्ही लागतात. त्याच नळीतून, त्याच मोटरजवळून आणखी तीन केबल जात होत्या आणि त्यांची गणती दिवसभर शून्य राहिली. उगम आणि वाट समान असता एकीलाच बाधा होते, तर भेद त्या एकीतच असला पाहिजे. लघुतम भेदाच्या जोड्या लावणाऱ्यास ही रीत नवी नाही.

त्या केबलची दोन्ही टोके भिंगाखाली धरून रंग वाचले. तिसऱ्या जागी पांढरा-हिरवा असता सहाव्या जागी हिरवा हवा होता. तो चौथ्या जागी होता. टोके छाटून दोन नव्या जोडण्या पकडीने बसविल्या. मोटर चालू ठेवून एक तासाची फाइल पाठविली, ती मिनिटाच्या आत पोहोचली, गणती शून्य. केबल मात्र विजेच्या तारेपासून दूर न्यावयास हवीच होती आणि ते काम मागाहून केले. दोन इमारतींमध्ये जोडणी करावयाची असल्यास मात्र काचतंतूच वापरावा. त्यात प्रकाश वाहतो, त्यावर मोटरीचा परिणाम होत नाही.

घरघरीच्या मुद्रणांवर असा उपाय नव्हता. पुरुषाच्या आवाजाची मूल वारंवारता बहुधा १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास असते. विजेच्या रेघा गाळू गेल्यास त्याच जागी असलेला स्वरही गाळला जातो. त्या पाच मुलाखतींतील शब्दसंग्रह ठेवला आणि स्वराघाताचे मापन बाद केले. तोवर त्यांतील चौघे वक्ते उसाच्या फडावर गेले होते. ते हंगाम संपवून परतले तेव्हा, बॅटरी भरून घेऊन, आम्ही पुन्हा त्यांच्या दारी गेलो.